कच्ची वही वेगळी हवी

मोर्शीतील आमच्या वस्तीच्या विहारामागे एक लहानशी खोली आहे. वर टिनाचे छत, भिंतीवर परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली लांब टेबलावर पाच जुने संगणक. एक प्रिंटर आहे, इंटरनेटची एक लाइन आहे आणि ती लाइन पाचही संगणकांना वाटून देणारी एक पेटी आहे. तिला पोरे राउटर म्हणतात. वस्तीने दर घरामागे वर्गणी काढून ही अभ्यासिका उभी केली. आमच्याकडे तिची किल्ली आणि जमाखर्चाची वही असते. दिवसभर कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी ही खोली उघडायची, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. या खोलीत एका संध्याकाळी आमच्या हातून जी चूक झाली, ती आज वाचकांपुढे मांडतो. चूक लपवून ठेवली तर ती दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या हातून पुन्हा होते, म्हणून हा प्रपंच.

दिवस शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे होते. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या मुलांना मिळणारी ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे, आणि तिच्या मुळाशी बाबासाहेबांची धडपड आहे. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० चा कायदा व्हावा लागला. इतक्या लढ्यानंतर हाती आलेला तो हक्क आता संगणकाच्या पडद्यावर एका बटणावर येऊन थांबतो. बटण दाबले गेले नाही तर हक्क कागदावरच राहतो.

त्या संध्याकाळी एक मावशी आपल्या मुलीला घेऊन आल्या. संत्र्याच्या तोडाईवरून अर्धी मजुरी सोडून आल्या होत्या. त्यांच्या घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच पोरगी. आधारला जोडलेला मोबाईल वडिलांचा, आणि वडील बाहेरगावी कामावर. त्या एका रात्रीसाठी ते घरी आले होते, पहाटेच्या गाडीने परत जाणार होते. त्यांचा मोबाईल हाती असेपर्यंत ओटीपी मिळणार होता. खोलीत आणखी सात-आठ मुले-मुली फॉर्मसाठी बसलेली होती.

आणि नेट बंद पडले.

म्हणजे पूर्ण बंदही नाही. एका संगणकावर चालू, बाकीच्यांवर बंद. कोणाच्या मोबाईलवर वायफाय लागलेले दिसे, पण पान काही उघडेना. "काहून बाप्पा, आताच तं चालू होतं!" असा एकच गिल्ला झाला. आम्ही तारा हलवून पाहिल्या. लाइनवाल्याकडे तक्रार नोंदवली. मग राउटरची पेटीच बंद करून पुन्हा सुरू केली, तर जो एक संगणक चालत होता तोही बसला. दोन तास असे गेले. मावशी दाराशी बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, आमचा फॉर्म राहीन काय जी?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

कारण सापडले ते असे. कोपऱ्यातल्या संगणकावर वस्तीतलाच एक मुलगा बसला होता. अमरावतीला संगणकाची पदविका करतो. कुठल्याशा मुलाखतीसाठी त्याला नेटवर्कचा सराव करायचा होता. त्याने आमच्याकडे परवानगी मागितली आणि आम्ही "कर बाबा" म्हणून मोकळे झालो. तू नेमके काय करणार, हे विचारलेही नाही. गोंधळ वाढल्यावर त्याने एका बंद पडलेल्या संगणकाचा पत्ता उघडून पाहिला. आमच्या राउटरने दिलेले पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. तिथे मात्र १०.१० ने सुरू होणारा पत्ता होता. मुलाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "काका, हे मायाच सर्व्हरनं देल्लं."

आता हे काय प्रकरण, ते आमच्या मायबहिणींनाही समजेल असे सांगतो. कारण आम्हालाही ते त्याच मुलाकडून समजून घ्यावे लागले.

एका संगणकाच्या पोटात दुसरे संगणक चालवता येतात. त्यांना आभासी संगणक म्हणतात. त्यांना वेगळी पेटी नसते, वेगळा पडदा नसतो. खऱ्या संगणकाच्या स्मरणातील थोडा वाटा आणि चकतीवरची थोडी जागा घेऊन ते स्वतंत्र संगणकासारखे वागतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या यंत्रांवर ती राबवली होती. आज व्हर्च्युअलबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि आमच्यासारख्यांच्या जुन्या संगणकावरही दोन-तीन आभासी संगणक उभे राहतात. गरिबाच्या पोराला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा कोणती? जे शिकायला पूर्वी खोलीभर यंत्रे लागत, ते एका टेबलावर शिकता येते.

त्या मुलाने असेच तीन आभासी संगणक उभे केले होते. त्यांपैकी एकाला सर्व्हर केले होते, आणि त्या सर्व्हरचे काम पत्ते वाटण्याचे होते. जाळ्यातला प्रत्येक संगणक सुरू झाला की पुकारा करतो, "मला कोणी पत्ता देता का?" एरवी आमचा राउटर पत्ता देतो आणि बाहेर जायची वाटही सांगतो. त्या संध्याकाळी उत्तर देणारे दोघे झाले. पुकारा करणारा संगणक साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येते त्याचे ऐकतो. खरा कोण आणि सरावाचा कोण, हे त्याला कळत नाही. ज्यांना सरावाच्या सर्व्हरचे उत्तर आधी मिळाले, त्यांना चुकीचा पत्ता आणि चुकीची वाट मिळाली. ती वाट पुढे कुठेच जात नव्हती. आधीपासून सुरू असलेल्या संगणकाकडे जुना, खरा पत्ता होता, म्हणून तो चालत होता. आम्ही राउटर बंद-चालू केला, त्या संगणकाने नव्याने पुकारा केला, राउटर जागा होईपर्यंत सरावाच्या सर्व्हरने उत्तर देऊन टाकले. आम्ही उपाय म्हणून जे केले, त्यानेच दुखणे वाढले.

मुलाने सर्व्हर बंद केला. तरी नेट लगेच आले नाही, कारण पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि मुदत सरेपर्यंत संगणक तोच धरून बसतो. प्रत्येक संगणकाला जुना पत्ता सोडायला लावून नवा घ्यायला लावावा लागला. हे सारे होईस्तोवर रात्रीचे दहा वाजून गेले होते. मावशी मुलीला घेऊन केव्हाच घरी गेल्या होत्या.

आम्ही त्या मुलाला सगळ्यांदेखत नको ते बोललो. "तुझ्या एकट्याच्या शौकापायी एवढ्या पोरांचं नुकसान!" असे काहीसे. तो काही बोलला नाही. आपली वही उचलून निघून गेला, तो पुढे आठवडाभर फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीला अभ्यासिकेत बसवले. वडील गाडीतून उतरून कामावर पोचले होते. त्यांना फोन करून ओटीपी विचारला. पहिला ओटीपी त्यांना वाचता वाचता मुदत संपून वाया गेला. दुसरा लागला. उत्पन्नाचा दाखला चढवताना पुन्हा एकदा अडले. रात्री साडेनऊला फॉर्म गेला. मावशींनी दोन्ही हात जोडले, आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण आदल्या रात्री तो फॉर्म अडला होता तो आमच्याच हलगर्जीपणाने.

नंतर विहारात बैठक बसली. संगणकावर फॉर्म, अभ्यास आणि परीक्षेची तयारी याखेरीज कोणालाही काही करू देऊ नये, असा सूर निघाला. काहींनी त्या मुलाला बंदीच घाला म्हटले. आम्ही चूप होतो. पण मन आतून खात होते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्य हिशेबात गेले. हिशेबाची पहिली शिकवण अशी की कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवावी. कच्च्या वहीत खाडाखोड चालते. तिथेच बेरीज चुकते आणि तिथेच सुधारते. पक्क्या वहीत फक्त तपासलेली रक्कम जाते. नवशिक्या कारकुनाच्या हाती पहिल्याच दिवशी पक्की वही देऊन वर, "खाडाखोड काहून केली?" म्हणून त्याच्यावर ओरडणे हा कुठला न्याय? त्या मुलाला आम्ही कच्ची वही दिलीच नव्हती. त्याने पक्क्या वहीत सराव केला, कारण खोलीत दुसरी वहीच नव्हती.

हे आम्ही बैठकीत बोललो. म्हणालो, सरावाचे जाळे वेगळे ठेवू, पण सराव बंद करू नका. तेव्हा वस्तीतल्या एक म्हाताऱ्या आजी, ज्या कधी बैठकीत बोलत नाहीत, त्या बोलल्या. "वायलं ठेवा म्हन्ता? आमाले लय वायलं ठेवलं लोकायनं. वायली विहीर, वायला कप. आता तुमी पोराले वायलं बसवता काय?"

खोलीत शांतता पसरली. आजींचे बोलणे खरे होते. वेगळे ठेवणे हा शब्द आमच्या कानाला सहज ऐकवत नाही. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली का हाती घ्यावे लागले? त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्याच्या गावी, अमरावतीला, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद का भरली आणि बाबासाहेबांना तिचे अध्यक्षपद का घ्यावे लागले? आम्हाला वेगळे ठेवले होते म्हणून.

उत्तर दिले ते त्या संत्रा तोडणाऱ्या मावशींनी. त्या पूर्वी शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत कामाला जात. म्हणाल्या, "आजी, नर्सरीत कलम वायलंच ठेवतेत. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतेत, तो लागला का नाही ते तिथंच पायतेत. न लागला तं बागेचं काही जात नाही. लागला का मंग बागेत लावतेत. कलमाले वायलं ठेवनं म्हंजे बागेतून हाकलनं नव्हे."

आम्हाला जे सांगता आले नसते, ते त्यांनी सांगितले. माणसाला वेगळे ठेवणारे त्याला विचारून ठेवत नाहीत, आणि त्या वेगळेपणाला मुदत नसते. तिथे पाणी अडवतात. इथे मात्र जागा शिकणाऱ्यासाठी आहे, दार त्याच्या हाती आहे, आणि शिकून झाले की त्याने याच खोलीच्या खऱ्या जाळ्याचा कारभार हाती घ्यायचा आहे. वेगळे ठेवायचे ते चुकीला. पोराला वेगळे ठेवायचे नाही.

त्या रात्री आम्ही मुलाच्या घरी गेलो. सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून त्याच्या आईवडिलांदेखत चूक कबूल केली. रविवारी तो आला, आणि आम्ही त्याच्याकडून शिकायला बसलो. आता आमच्या खोलीत जी पद्धत आहे ती लिहितो. ज्या गावी अशी अभ्यासिका आहे तिथे उपयोगी पडेल.

आभासी संगणकाला जाळ्याशी जोडायचे अनेक प्रकार व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहेत. त्यातले चार समजून घेतले तरी पुष्कळ. पहिला ब्रिज्ड. यात आभासी संगणक खोलीच्या खऱ्या जाळ्यात आपले स्वतंत्र दार उघडतो. आमच्या मुलाने हाच निवडला होता, कारण त्याला लागणाऱ्या फायली इंटरनेटवरून उतरवायच्या होत्या. दुसरा नॅट. यात आभासी संगणक खऱ्या संगणकाच्या नावाने बाहेर जातो. तो बाहेर पत्ते वाटू शकत नाही, पण खोलीतल्या इतर यंत्रांपर्यंत त्याचा हात पोचू शकतो. म्हणून नॅटला पूर्ण वेगळे मानू नये. तिसरा होस्ट-ओन्ली. यात आभासी संगणक आणि ज्याच्या पोटात ते आहेत तो खरा संगणक, एवढ्यांचेच बोलणे चालते. चौथा इंटर्नल नेटवर्क. यात फक्त आभासी संगणकच आपसात बोलतात. खऱ्या संगणकालाही त्या जाळ्यात शिरकाव नसतो.

आमचा नियम असा. लागणाऱ्या फायली आधी नॅटवर असताना उतरवून घ्यायच्या. पत्ते वाटणारी सेवा तोवर बंद. मग सगळ्या आभासी संगणकांची जोडणी इंटर्नलवर आणायची आणि त्या जाळ्याला सगळीकडे एकच नाव द्यायचे. आम्ही 'सराव' हे नाव दिले आहे. नाव एक असले तरच ते एकमेकांना दिसतात. एखाद्या आभासी संगणकाला दुसरी जोडणी राहून गेली आहे का, तेही पाहायचे. पुढचे दार लावले आणि मागचे उघडेच राहिले तर उपयोग काय? आणि मग सर्व्हर सुरू करायचा.

पण सेटिंग केले म्हणजे झाले, असे मानायचे नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर विसंबू नका, स्वतः जाणून घ्या. म्हणून आम्ही पिंग करून तपासतो. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारणे. एका आभासी संगणकावरून दुसऱ्याला हाक मारली तर ओ आली पाहिजे. तिथूनच राउटरला हाक मारली तर ओ येता कामा नये. नंतर टेबलावरचा दुसरा संगणक बंद करून सुरू करायचा आणि त्याला पत्ता राउटरचाच मिळतो ना, हे पाहायचे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच वहीत सही होते. होय, आम्ही एक वही ठेवली आहे. कोणी, कधी, कोणते जाळे सुरू केले, त्याची नोंद. शिवाय शिष्यवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात सराव सकाळी, फॉर्म संध्याकाळी.

आणखी दोन गोष्टी. इंटर्नल जाळे एकाच खऱ्या संगणकाच्या पोटापुरते असते. दोन संगणकांत मिळून सराव करायचा असेल तर राउटरला न जोडलेली वेगळी स्विचची पेटी आणि वेगळ्या तारा वापराव्यात. आणि सरावासाठी वस्तीच्या लोकांची खरी माहिती कधीच वापरू नये. जातीचे दाखले, आधार क्रमांक, मोबाईल नंबर हे लोकांनी विश्वासाने दिलेले असतात. सरावाच्या यादीत काल्पनिक नावे घालावीत. लोकांची माहिती जपण्यासाठी २०२३ मध्ये देशात कायदाही झाला आहे, पण कायदा नसता तरी ही आपली जबाबदारीच होती.

कोणी म्हणेल, पाच संगणकांच्या खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला? तर मोठ्यांचे काय झाले तेही पाहा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून एक घातक प्रोग्राम पसरला. तो मर्स्क या जगभर जहाजे चालवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि एका देशातून दुसऱ्या देशात सरकत आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत आला. तिथल्या एका टर्मिनलचे काम अडले. त्या कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याचा गाभा असलेल्या यंत्रांपैकी एकच शाबूत सापडले, ते आफ्रिकेतल्या घाना देशात. तिथे वीज गेली होती, म्हणून ते जाळ्यापासून तुटलेले राहिले आणि वाचले! आमच्या भागात लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. पण विजेच्या कृपेवर विसंबण्यापेक्षा आपणच आधी भिंत घातलेली बरी.

दुसरे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे एका दिवसात २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. एटीएमने "पैसे देऊ का?" असे विचारल्यावर बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांनी मध्येच उभ्या केलेल्या नकली यंत्रणेने होकार दिला, असे तेव्हा समोर आले. आमच्या खोलीत जे नकळत घडले, तेच तिथे ठरवून घडवले गेले. विचारणाऱ्याला खऱ्याऐवजी दुसऱ्यानेच उत्तर दिले. म्हणून ही विद्या आपल्या मुलांना यायलाच हवी. उद्या बँकांच्या आणि बंदरांच्या जाळ्यांना भिंती घालणारी माणसे याच खोल्यांतून निघायला हवीत.

वाचकहो, या प्रकरणाने आम्हाला एक गोष्ट शिकवली. सुखवस्तू घरच्या मुलाकडे चुकायला जागा असते. त्याचा स्वतःचा संगणक असतो, बिघडला तर दुसरा येतो, एक वर्ष वाया गेले तर बाप फी भरतो. आमच्या मुलांना चुकण्याची मुभा कधी मिळालीच नाही. त्यांची एक चूक कोणाची मजुरी, कोणाचे वर्ष, कोणाची शिष्यवृत्ती घेऊन जाते. म्हणून आपणही त्यांना म्हणत राहतो, "हात लावू नको, बिघडेल." हात लावल्याशिवाय शिकणार कसे? शिका, हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. शिकण्यात चुकणे आलेच. चूक एकाची झाली तरी भुर्दंड दुसऱ्या गरिबाला पडू नये, एवढी व्यवस्था करणे हे आम्हा मोठ्यांचे काम आहे. ते आम्ही केले नव्हते.

आता दर रविवारी सकाळी तो मुलगा चार-पाच जणांना शिकवतो. त्यांत ती मुलगीही असते, जिचा फॉर्म त्या रात्री अडला होता. परवा तिने सरावाच्या जाळ्यात चुकीचा पत्ता वाटून तिन्ही आभासी संगणक बंद पाडले. शेजारच्या टेबलावर एक जण परीक्षेचा अर्ज भरत होता. त्याला पत्ताही लागला नाही. तिने आमच्याकडे भीतभीत पाहिले. आम्ही म्हणालो, "पाड माय, अजून एकदा पाड. आणि मग उभं करून दाखव."

जयभीम!